खालून तिसरं बटण

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आबांजवळ तर नाहीच — आणि खरं म्हणजे आधी त्यांनाच सांगायला पाहिजे होतं. आता ते नाहीत. तुम्ही आहात, तुमची माझी ओळख नाही, म्हणून सांगून राहिलो. ओळखीच्या माणसापुढं बोलायची हिंमत माझ्यात असती तर सांगायची वेळच आली नसती.

लेक लातूरला क्लासला आहे. डाळ मिलच्या मागच्या गल्लीत तिची खोली आहे. यंदा तिचं नाव मतदार यादीत आलं. दोन महिन्यांखाली फोनवर म्हणाली, "बाबा, आजोबांची ती इलेक्शनची वही आणा ना, पुढचं मी लिहीत जाते." मी म्हणालो, आणतो. तेव्हापासून तीनदा लातूरला जाऊन आलो. लाडू नेले, पांघरूण नेलं, वही नेली नाही. प्रत्येक वेळी म्हणालो, अगं, विसरलोच की! वही कपाटात वरच्याच खणात आहे. विसरायला ती काय छत्री आहे?

आधी वहीचं सांगतो. मला कळतंय की मी लांबण लावून राहिलो — पण वही कळल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

माझे वडील, आबा, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. बिलोलीपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. त्यांची सगळी नोकरी याच जिल्ह्यात फिरून झाली, आणि गुरुजी म्हटलं की इलेक्शन ड्यूटी आलीच. इतर गुरुजी ड्यूटी चुकवायला दवाखान्याची चिठ्ठी आणायचे. आबांना ड्यूटी लागली नाही की करमायचं नाही. इस्लापूरला सहस्रकुंडाचा आवाज ऐकत त्यांनी मतपेट्या सांभाळल्या, देगलूरकडं सांभाळल्या, लोह्याकडं सांभाळल्या. केंद्राध्यक्ष म्हणून आबा बसले की तहसीलदारसुद्धा निर्धास्त असायचा.

आणि घरी त्यांनी तांबड्या पुठ्ठ्याची एक लांबट वही केली होती. नांदेड लोकसभा मतदारसंघाची वही. निजाम गेला, मतं आली, तिथपासून. जुनं जुनं त्यांनी म्हाताऱ्यांना विचारून, कचेरीत खेटे घालून जमवलं. एका निवडणुकीला एक पान. कोण उभे होते, कोण आलं, कोण पडलं, कुठल्या गावानं पुलासाठी मतदानावर बहिष्कार टाकला, कुठं पेटी बैलगाडीतून न्यावी लागली. पडलेल्यांची नावं सगळी, अगदी डिपॉझिट गेलेल्यांचीसुद्धा, बापाच्या नावासकट. मी एकदा म्हणालो, आबा, ह्या लोकांना कुत्रं विचारत नाही, कशाला लिहिता? ते म्हणाले, "निवडून आला त्याचं नाव सगळ्यांना पाठ असतंय. पडला त्याचं लिवून ठेवावं लागतंय."

मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या तेव्हा त्यांनी वहीत नकाशा काढला. लोह्याची माणसं जिल्ह्यानं नांदेडची आणि खासदार लातूरचा. किनवटची माणसं जिल्ह्यानं नांदेडची आणि खासदार हिंगोलीचा. आबा हसायचे, "नांदायला एका घरी अन् जेवायला दुसऱ्या घरी."

पेट्यांच्या काळात मतपत्रिका एकात एक मिसळून मोजायचे. कुठल्या गावानं कुणाला दिलं ते गावालाही कळायचं नाही. मशीन आली आणि बूथवार आकडे बाहेर पडायला लागले. आबांनी वहीत एक रकाना वाढवला — 'आपलं बूथ'. रकाना वाढवला खरा, पण त्यांना ते आवडलं नव्हतं. म्हणायचे, झाकली मूठ उघडली, आता माणसं भ्यायला लागतील. कुणाबद्दल बोलत होते ते? तेव्हा मला वाटलं, लोकांबद्दल.

पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात ते सही करायचे. प्रत्येक पानावर. एकदा एका पडलेल्या उमेदवाराचा आकडा चुकला असं त्यांना सहीनंतर कळलं. तर हा माणूस एसटीनं नांदेडला गेला, कलेक्टर कचेरीत दोन दिवस बसला, खरा आकडा आणला, जुन्यावर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला पुन्हा सही केली. आई म्हणाली, येड लागलंय तुम्हाला. ते म्हणाले, हाव, लागलंय.

मग काचबिंदूनं डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. ऑपरेशनला आम्हीच उशीर केला, तोही माझाच आळस, पण ते आज राहू द्या. त्यानंतर ते सांगायचे आणि वही मी लिहायचो. खाली सहीच्या जागी मी त्यांचं बोट टेकवायचो आणि ते सही करायचे. वाकडीतिकडी का होईना, स्वतःची.

आता मुक्ताताई.

मुक्ताताई आबांची विद्यार्थिनी. सातवीत तिच्या बापानं तिला शाळेतून काढलं होतं, तर आबा रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. नवव्या दिवशी बाप वैतागून म्हणाला, घेऊन जा बाबा एकदाची. पुढं तिनं बिलोलीत शिवणक्लास काढला. दर दसऱ्याला आबांना स्वतः शिवलेली बंडी आणायची — दोन खिसे, एक चष्म्याला, एक तंबाखूला. डोळे गेल्यावरसुद्धा चष्म्याचा खिसा तिनं ठेवलाच.

ही बाई लोकसभेला उभी राहिली. अपक्ष. का, तर सीमेवरच्या गावांतल्या पोरींना शाळेला यायला एसटी नाही, अर्ज करून करून तिची चप्पल झिजली. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. लोकांना लई हसायला झालं. दिल्लीला जाऊन ब्लाऊज शिवणार का, म्हणायचे. मीही हसलो. मी शिकवायचो त्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये, सगळ्यांबरोबर, सगळ्यांत मोठ्यानं.

ती आबांच्या पाया पडायला आली. म्हणाली, गुरुजी, मी पडणार हे मला ठाऊक हाय. पण तुमच्या बूथवर मला एक मत पाहिजे. तेवढं दिसलं की मी खुशाल घरी जाते. आबांनी चाचपून तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "एक लिवून घे." बस, एवढंच. पण आबांची जबान ती. आमच्या गावात लोक कागदापेक्षा तिच्यावर जास्त चालायचे.

मी दारात उभा राहून ऐकलं. आणि मला ते एक मत नको झालं.

कारण मी ज्या शाळेत शिकवत होतो ती ज्या पुढाऱ्याच्या संस्थेची, त्याचा माणूस उभा होता. अकरा वर्षं मी विनाअनुदानित. माझ्या नेमणुकीच्या मान्यतेची फाइल कुठल्या टेबलावर आहे हे मला माझ्या पोरीच्या वाढदिवसापेक्षा पक्कं माहीत असायचं. मतदानाच्या आठवडाभर आधी संस्थेच्या सचिवांनी सगळ्या मास्तरांना बोलावलं. ज्यानं त्यानं आपापल्या गावचं बूथ सांभाळायचं. आकडे बूथवार येतात, आम्ही बघतो. चहा झाला. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, हसून म्हणाले, "सर, तुमच्या घरात शिलाई मशीन हाय म्हणं? जरा धूळ बसू द्या तिच्यावर."

धमकी दिली का त्यांनी? नाही. हसत होते. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसतच होतो बहुतेक.

आता हिशेब साधा होता. आमच्या गावात मुक्ताताईला दुसरं कोण मत देणार? कुणी नाही. निघालं तर एकच निघणार, आणि ते कुणाचं हे अख्ख्या गावाला कळणार. गुप्त मतदान म्हणतात — ज्याचं एकच मत असतं त्याला कसली गुप्तता?

मतदानाच्या दिवशी मी आबांना घेऊन शाळेत गेलो. त्यांची जुनी शाळा, त्यांचाच तिसरीचा वर्ग. उंबरठा कुठं उंच आहे ते त्यांच्या पायाला माहीत होतं. आधी मी माझं मत देऊन आलो. ते कुणाला, हे सांगायची गरज नाही. मग आबांची पाळी. केंद्राध्यक्ष बँकेतला एक तरुण पोरगा होता, नियमानं वागणारा. त्यानं विचारलं, बाबा, तुम्ही बटणं चाचपून स्वतः दाबू शकाल का?

आबा दाबू शकले असते. बिलकुल दाबू शकले असते. मशीन त्यांच्या हाताखालून गेलेली होती, बटण न् बटण त्यांना ठाऊक. ते म्हणाले, "माझा पोरगा हाय की."

आंधळ्या मतदारासोबत जाणाऱ्या माणसाला एक प्रतिज्ञापत्र भरून द्यावं लागतं. ह्या मतदाराचं मत मी गुप्त ठेवीन, असं. मी सही केली. सोबत्याच्या उजव्या हाताच्या बोटाला शाई लावायची असते, ती लावायला तो बँकेतला पोरगा विसरला. आबांनीच आठवण करून दिली, "साहेब, सोबत्याला उजव्या बोटाला लावायची असती. लावा त्याला." लावली. डाव्या बोटाला माझ्या मताची शाई, उजव्या बोटाला आबांच्या.

आडोशाच्या मागं गेलो. आबांनी माझं मनगट धरलं. कानाशी म्हणाले, "नोटा धरून, खालून तिसरं." यादी त्यांनी आदल्या दिवशी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली होती.

मी वरचं बटण दाबलं.

झालं. सांगितलं. एवढं लांबवून एवढंच. मी माझ्या आंधळ्या बापाचं मत त्यांना न विचारता संस्थेच्या माणसाला देऊन टाकलं. कुणी मला धरलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. त्या पुठ्ठ्याच्या आडोशाआड जगात कुणाचीच भीती नसते, त्यासाठीच तर तो पुठ्ठा उभा करतात. आणि मी तिथंच घाबरलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना — माझा आडोशाआड माझ्यासोबतच आला होता.

मशीन वाजली. कुठलंही बटण दाबलं तरी आवाज एकच असतो. काचेत चिठ्ठी दिसली, सात सेकंद, मग पडली. आबांनी विचारलं, "चिठ्ठी दिसली का रं?" मी म्हणालो, दिसली. "शिलाई मशीनच हाय ना?" मी म्हणालो, हाव.

त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. अजून त्यांची बोटं माझ्या मनगटावरच होती. माझा हात खाली जायच्याऐवजी वर गेला, तेव्हा त्यांचाही हात त्याच्याबरोबर वर गेला. वर गेला की खाली गेला, हे आंधळ्याला कळत नसेल का? डोळस माणसापेक्षा त्यालाच जास्त कळत असेल, नाही का? मी हे त्या दिवशी विचारलं नाही स्वतःला. घरी आलो, आबांना चहा केला, शाई निघते का म्हणून उजवं बोट दगडावर घासलं. निघाली नाही. मला काही वाटलंही नाही. खरंच सांगतो, रडू नाही, धडधड नाही, भूकही नेहमीसारखी लागली. रिकाम्या वर्गात बसल्यासारखं वाटत होतं, तेवढंच.

निकाल लागला. सचिवांचा माणूस पडला का आला, त्याच्याशी आपल्याला काही करायचं नाही. बूथवार आकड्यांचा कागद मी आणला, आबा वही मांडीवर घेऊन बसलेलेच होते. मी एकेक नाव वाचत, लिहीत गेलो. शिलाई मशीनच्या ओळीवर आलो. आमच्या बूथपुढं शून्य होतं.

"आपल्या बूथवर किती?"

मी म्हणालो, एक.

आबांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "पुन्हा वाच बरं."

"एक, आबा."

"लिव मग."

मी लिहिला. शाईच्या पेनानं, नीट, त्या वहीतला पहिला आणि एकमेव खोटा आकडा. मग सहीसाठी त्यांचं बोट धरायला गेलो तर त्यांनी हात मागं घेतला. म्हणाले, आज राहू दे, उद्या करू. दुसऱ्या दिवशी मी आठवण करून दिली नाही. त्यांनीही काढली नाही. ती सही झालीच नाही.

मान्यतेचं विचाराल तर आली, चार महिन्यांनी. ऑर्डर हातात पडली तर तिच्यावरची तारीख आचारसंहिता लागायच्या आधीची. फाइल तेव्हाच मंजूर होऊन पडलेली होती, सचिवांच्या खणात. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

त्या वर्षी दसऱ्याला मुक्ताताई आली नाही. आबा सकाळपासून ओट्यावर बसले होते, दुपारी मी म्हणालो, ऊन लागतंय, आत चला. ते आत आले. पुढच्या दसऱ्यालाही आली नाही. आपट्याची पानं द्यायला अख्खं गाव येऊन गेलं. तिसऱ्या दसऱ्याला ते ओट्यावर बसलेच नाहीत. जुन्या बंडीचा चष्म्याचा खिसा उसवला होता, तो बायकोनं टाचून दिला. मुक्ता का येत नाही, असं त्यांनी मला एकदासुद्धा विचारलं नाही. तुम्हीच सांगा, ज्याला माहीत नसतं तो माणूस विचारतो ना? मी रोज त्यांना जेवायला वाढत होतो. रोज एका शब्दाचं काम होतं. बिलोली अर्ध्या तासावर आहे, मी मोटरसायकलवरून तिच्या क्लासपुढून दिवसातून दोनदा जायचो. मान दुसरीकडं करून.

मग थंडीत आबा गेले.

तेराव्याला मुक्ताताई आली. हातात पिशवी. पिशवीत तीन बंड्या, तीन दसऱ्यांच्या, घडी न मोडलेल्या. म्हणाली, शिवून ठेवत गेले दादा, पण आणायला पाय उचलला नाही. आबांच्या फोटोपुढं तिनं त्या ठेवल्या. बराच वेळ बसली. उठताना म्हणाली, "गुरुजींची वही बघू का एकदा?"

मी आणली. मीच उघडली. तिनं तिचं पान शोधलं, तिचं नाव, बापाच्या नावासकट. बोट सरकवत ती 'आपलं बूथ' वर आली आणि थांबली. खरा आकडा तिला पाठ होता. असणारच. तेवढ्या एका आकड्यासाठी तर तिनं तो बूथवार आकड्यांचा कागद बघितला होता.

मला वाटलं, आता विचारील. विचारलं असतं तर — काय सांगावं, मी तेव्हाही काही सांगितलं असतं असं नाही.

तिनं विचारलं नाही. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "माझ्यासाठी वहीत खोटं लिवून घेतलं हो गुरुजींनी. जन्मात न्हाई केलं ते केलं." मग माझीच समजूत घातल्यासारखी — "तुमची मान्यता अडकली होती ना तवा, दादा. घाबरले असतील. म्हातारं माणूस. मी मनात काही ठेवलं न्हाई बघा."

आबा. घाबरले असतील. जो माणूस नऊ दिवस तिच्या बापाच्या दारात बसला, तो.

पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, सहीची जागा कोरी होती. ती तिनं बघितली असती तर तिला कळलं असतं. आबांचं पानन् पान तिला माहीत होतं, सही नाही म्हणजे आबांनी ते मान्य केलेलं नाही, एवढं तिला कळलं असतंच. वही मी धरली होती. कोऱ्या जागेवर माझा अंगठा होता.

मी म्हणालो, "हाव ताई. घाबरले होते ते."

आणि अंगठा तिथंच ठेवला.